जुन्या बेसला हात लावण्याआधी

माळ्यावरून काकाचा किंवा मामाचा बेस खाली निघतो, अँप्लिफायरला लावला की नुसती खरखर येते, आणि लगेच कुणीतरी सल्ला देतं: आतली सगळी वायरिंग काढून टाक, तयार नवा सेट मिळतो, तो बसव. पोरांनो, एवढं मात्र करू नका. जुन्या बेसच्या पोटातला माल बहुतेक वेळा मेलेला नसतो. मळलेला असतो, गंजलेला असतो, नाहीतर कुठेतरी सैल झालेला असतो. आणि त्याचा जो आवाज तुम्हाला हवा आहे, तो त्याच मालात आहे.

सत्तर-ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रा जोरात होते, तेव्हा परदेशी वाद्य आणणं सोपं नव्हतं. कुणाचा नातेवाईक जहाजावर, कुणाचा आखातात, त्यांच्या सामानातून एखादा फेंडर, हॉफ्नर किंवा जपानी बेस यायचा. बाकीच्यांची भिस्त कोलकात्याच्या गिव्हसनवर. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यातल्या टोनी वाझ यांचा बेस ऐकून आमच्या पिढीतले कित्येक जण या वाद्याच्या नादाला लागले. आज माळ्यांवरून उतरतात ती हीच वाद्यं.

त्यांना घाबरायचं कारण नाही. 1951 साली प्रिसिजन बेस बाजारात आणणारा लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. 1938 मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला रेडिओचं दुकान टाकलं होतं, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यामुळे आतलं सगळं रेडिओच्या पद्धतीचं: एक पिकअप, दोन पॉट, एक कंडेन्सर आणि एक जॅक. ज्याने मर्फीचा रेडिओ उघडलाय, त्याला हे परकं वाटणार नाही.

पहिला कानमंत्र असा, की स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी मीटर उचला. बेसमध्ये केबल लावा, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला पिनचं टोक आणि बाहेरची नळी यांच्यात ओहम मोजा. प्रिसिजनसारखा बेस असेल तर दहा किलोओहमच्या आसपास आकडा यायला हवा. तो आला, तर पिकअप, वायर, जॅक सगळं जिवंत आहे. दोष मळाचा आहे. आकडा अडीचशे किलोओहमजवळ गेला, तर पिकअपची कॉइल किंवा तिची वायर कुठेतरी तुटली आहे आणि मीटर फक्त व्हॉल्यूम पॉट मोजतोय. शून्य आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. काहीच आलं नाही तर आधी केबल बदला, मग जॅककडे बघा. आता टोन हळूहळू बंद करा. आकडा जागचा हलता कामा नये, कारण कंडेन्सर डीसी करंट जाऊ देत नाही. हलला, तर कंडेन्सर लीक आहे. बेस न उघडता एवढं कळतं. कंडेन्सर लीक नसेल तर त्याला हात लावू नका; महागडा नवा टाकल्याने आवाज सुधारतो यावर माझा विश्वास नाही.

जॅझ बेसला दोन पिकअप असतात. दोन्ही पूर्ण उघडे ठेवलेत तर आकडा एका पिकअपच्या निम्म्यावर येतो. घाबरू नका, ते जोडणीच तशी आहे. पण दोन्ही एकत्र उघडल्यावर आवाज पातळ आणि पोकळ झाला, तर पूर्वी कुणीतरी एक पिकअप उलटा जोडलाय.

बिघाडाचं सगळ्यात मोठं घर म्हणजे जॅक. बाहेरचा नट सैल झाला की लोक पाना घालून तो फिरवतात, आणि आत आख्खा जॅक फिरून वायरी पिळवटून तुटतात. नट आवळताना झाकण उघडून जॅक आतून बोटांनी धरायचा, हे डोक्यात कोरून ठेवा. त्याची पितळी पट्टी ढिली झाली असेल तर अगदी थोडी आत वाकवा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन आतली नळी पुसा, काडी काळी निघेल. पण हे रसायन किंवा थिनर लाकडाच्या पॉलिशवर सांडू देऊ नका. जुनं लॅकर लगेच उतरतं आणि पुन्हा तसं होत नाही.

आपलं मुंबईतलं दहिसर खाडीकाठचं. पश्चिमेला कांदळवन, खारी हवा, आणि चार महिने पाऊस. त्यामुळे पॉटमध्ये खरखर येणारच. पॉटच्या तीन पायांजवळ एक फट असते, तिच्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारा आणि दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर वेळा फिरवा. गंजलेले स्क्रू सोडवायचं तेल तिथे मारू नका, ते धूळ धरून बसतं. ब्रिजखाली एक उघडी वायर नुसती दाबून ठेवलेली असते, तीही खाऱ्या हवेने हिरवी पडते. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर ती वायर ठीक आहे. काहीच फरक पडत नसेल तर ब्रिज काढा, वायर आणि पत्र्याची खालची बाजू बारीक पॉलिश पेपरने घासा. उलट हात लावल्यावर घरघर वाढत असेल, तर जॅकवरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या गेल्यात.

आता पिकअप. त्याची तार केसापेक्षा बारीक असते. ती तुटते बहुधा बाहेरच्या टोकाला, जिथे ती बुडाच्या छोट्या नळीत सोल्डर केलेली असते. भिंगातून पाहिलं तर तिथे हिरवा ठिपका दिसतो. तुटलेलं टोक सापडलं, तर एक वेढा सोडवून, इनॅमल हलक्या हाताने खरवडून पुन्हा जोडता येतं. आतलं टोक तुटलं असेल तर गुंडाळी नवी करावी लागते, आणि ते काम ज्याचं त्याच्याकडेच द्या. मूळ बॉबिन आणि चुंबक मात्र तेच ठेवायला सांगा. पिकअपखालचा जुना फोम चिकट भुकटी झालेला असतो, तो खुशाल बदला.

सोल्डरिंगची घाई करू नका. वायरींसाठी पंचवीस-तीस वॅटचं आयर्न पुरतं, पण पॉटच्या पाठीवर ग्राउंड जोडायला साठ वॅटचं घ्या. लहान आयर्न तिथे मिनिटभर टेकवून ठेवलं की सोल्डर वितळत नाही आणि आतला कार्बनचा ट्रॅक मात्र भाजतो. मोठं आयर्न तीन-चार सेकंदांत काम करून बाजूला होतं. ॲसिडची पेस्ट वापरू नका. भांडी जोडायला ती ठीक, इथे ती वर्षभरात सगळं हिरवं करते. रोझिनचं सोल्डर आणा. जोड चकचकीत दिसला पाहिजे. मळकट आणि दाणेदार दिसला तर तो ड्राय सोल्डर, पुन्हा गरम करा. कापडी आवरणाची जुनी वायर कापू नका, आवरण मागे सरकवलं की पुन्हा जोडता येते. जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं, खिडकी उघडी ठेवा आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा.

काढलेला एकही भाग फेकू नका. पॉटच्या पाठीवर आकडे असतात. 137 ने सुरुवात झाली तर तो सीटीएस कंपनीचा, 304 ने झाली तर स्टॅकपोलचा. 1376633 असं लिहिलं असेल तर तो पॉट 1966 च्या तेहतिसाव्या आठवड्यातला. वाद्य त्याच्या आधीचं असू शकत नाही, निदान तो पॉट बदललेला नसेल तर. म्हणून आयर्न तापवण्याआधी मोबाइलने चारही बाजूंनी फोटो काढा. सुटा माल लागला तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घाला. पॉट अडीचशे किलोओहमचे, ऑडिओ टेपर असलेले मागा.

आणि शेवटचं, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं. बेसच्या तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवणारा माणूसही अँप्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेला असतो. गणपतीच्या मंडपात जनरेटरवर, तीन पिनांपैकी मोठी पिन तोडलेल्या प्लगवर, ओल्या जमिनीवर उभं राहून वाजवायचं आणि तोंड माईकला लावायचं, यात जीव जाऊ शकतो. बेस कितीही नीट दुरुस्त केलात तरी हा धोका बेसमध्ये नाही, भिंतीतल्या सॉकेटमध्ये आहे. वाजवायला उभं राहण्याआधी मीटर एसी व्होल्टवर ठेवून बेसची तार आणि माईकची जाळी यांच्यात मोजा. एक-दोन व्होल्टच्या वर काहीही दिसलं तर हात लावू नका, मंडळाच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि अर्थिंग नीट झाल्याशिवाय वाजवायला उभे राहू नका.