काला अंबचा गाळ आणि तोशामचा कातळ

प्रस्तावना

हरियाणातील पानिपत शहराजवळ काला अंब हे ठिकाण आहे. 14 जानेवारी 1761 रोजी सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखालील मराठे आणि अहमदशाह अब्दाली यांच्यात झालेल्या युद्धाचे स्मारक येथे उभे आहे. येथे पूर्वी आंब्याचे एक झाड होते आणि रणांगणावर सांडलेल्या रक्तामुळे ते काळे पडले, अशी लोकश्रुती आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेल्या सैनिकांनी येथे पाहिली ती सपाट, मऊ मातीची भूमी. कातळाचा प्रदेश आणि गाळाचा प्रदेश असा भेद का निर्माण झाला? या मैदानाच्या जवळ ज्वालामुखीजन्य खडक आहेत काय? असल्यास ते कोणत्या परिस्थितीत जन्मले? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्याला
• पानिपतचे मैदान कसे तयार झाले, हे सांगता येईल;
• बेसाल्ट व रायोलाइट या खडकांतील फरक स्पष्ट करता येईल;
• खडकाचे जन्मस्थान ठरवताना एकापेक्षा अधिक पुरावे का लागतात, हे समजावून देता येईल.

1. मैदानाची घडण

पृथ्वीचे बाह्य कवच अनेक मोठ्या तुकड्यांचे बनलेले आहे. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाला भिडला आणि हिमालय उंचावला. पर्वताच्या भाराने त्याच्या पायथ्याशी भूकवच वाकले व लांबच लांब खोलगट भाग तयार झाला. नद्यांनी आणलेल्या गाळाने तो भरत गेला. यमुनेकाठी वसलेल्या पानिपतखाली असा गाळ शेकडो मीटर साचला आहे. प्राचीन खडक त्याखाली दडलेले असल्यामुळे पृष्ठभागावर दिसत नाहीत.

2. तोशामची टेकडी

पानिपतच्या नैऋत्येस शंभर-सव्वाशे किलोमीटरवर भिवानी जिल्ह्यात तोशाम हे गाव आहे. येथे मैदानातून कातळाच्या टेकड्या अचानक वर येतात. त्यांत रायोलाइट व ग्रॅनाइट हे खडक आढळतात. पश्चिम राजस्थानात पसरलेल्या मालानी अग्निजन्य खडकसमूहाचे हे ईशान्येकडील टोक मानले जाते. सुमारे 50 हजार चौरस किलोमीटरवर पसरलेला हा समूह सुमारे 78 ते 75 कोटी वर्षांपूर्वी निर्माण झाला. जोधपूरचा मेहरानगड याच रायोलाइटवर उभा आहे.

महाराष्ट्रातील दख्खनचा बेसाल्ट याहून बराच तरुण, म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांचा आहे. बेसाल्टमध्ये सिलिकाचे प्रमाण 50 टक्क्यांच्या आसपास असते. त्याचा लाव्हा पातळ असल्याने दूरवर पसरतो व थरावर थर साचतात. सह्याद्रीच्या पायऱ्यांसारख्या कड्यांचे मूळ यातच आहे. रायोलाइटमध्ये सिलिका साधारणतः 70 टक्क्यांहून अधिक असते. त्याचा लाव्हा घट्ट असतो. त्यात कोंडलेले वायू सहज सुटत नाहीत. त्यामुळे उद्रेक बहुधा स्फोटक होतो व तप्त राखेचे जाड थर साचतात.

3. शिलारस कोठे तयार होतो?

भूकवचाखालील प्रावरण बहुतांशी घनरूप आहे. ते वितळण्याची तीन प्रमुख कारणे आहेत. भूपट्ट ताणले जाऊन पातळ होतात तेथे खालच्या खडकांवरील दाब घटतो. तप्तस्थानावर खोलातून उष्ण द्रव्य वर येते. दख्खनच्या उद्रेकाचा संबंध रियुनियन बेटाखालील अशा स्थानाशी जोडला जातो. तिसऱ्या प्रकारात सागरी भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली घुसतो. त्याच्याबरोबर गेलेले पाणी वरच्या प्रावरणात शिरते आणि खडकांचा वितळणबिंदू खाली येतो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातील ज्वालामुखी असेच निर्माण झाले.

या तिसऱ्या प्रकाराची खूण खडकात उरते. पाण्याबरोबर काही मूलद्रव्ये वर जातात. परंतु निओबियम व टँटलम मात्र बहुतांशी मागे राहतात. म्हणून अशा खडकांत ती कमी आढळतात.

4. मालानीचा वाद

मालानी खडक कोणत्या प्रकारचे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पंजाब विद्यापीठातील नरेश कोचर यांनी 1984 मध्ये ते तप्तस्थानाशी निगडित असल्याचे मत मांडले. या समूहात बेसाल्ट व रायोलाइट दोन्ही आहेत, पण त्यांच्या मधल्या घडणीचे खडक विरळ आहेत. हे लक्षण ताणल्या गेलेल्या भूकवचाशी जुळते. दुसऱ्या मताचे अभ्यासक सेशेल्स बेटांवरील सुमारे 75 कोटी वर्षांच्या ग्रॅनाइटकडे व मादागास्करमधील समकालीन खडकांकडे बोट दाखवतात. त्या काळी हे भूभाग भारताच्या शेजारी असावेत आणि त्यांच्या कडेखाली सागरी भूपट्ट घुसत असावा, असे त्यांना वाटते.

रासायनिक खुणांवरून हा वाद सहज मिटत नाही. रायोलाइटचा शिलारस बरेचदा जुने भूकवच वितळून बनतो. नातवंडात आजीची चेहरेपट्टी उतरावी, तशी मूळ खडकाची लक्षणे नव्या खडकात उतरतात. म्हणून निओबियमची उणीव नव्या शिलारसाची आहे की वारशाने आली आहे, हे तपासावे लागते. त्यासाठी झिरकॉन खनिजातील युरेनियम व शिसे यांवरून वय काढतात, खडकातील पुराचुंबकत्वावरून भूभागाचे तत्कालीन अक्षांश ठरवतात आणि प्रत्यक्ष क्षेत्रात थरांचा क्रम पाहतात. या सर्व साक्षी जुळल्या, तरच निष्कर्ष बळकट होतो.

5. साक्षीचे जतन

जोधपूर येथे मालानी खडकांवर नंतरचे गाळाचे खडक टेकलेले दिसतात. ही जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित झाली आहे. तोशाम परिसरातील खानक व दादम येथून मात्र बांधकामासाठी दगड काढला जातो. 1 जानेवारी 2022 रोजी दादमच्या खाणीत दरड कोसळून कामगारांचे प्राण गेले. घरे व रस्ते यांना दगड लागतोच. परंतु खडी झालेल्या कातळातून थरांचा क्रम पुन्हा वाचता येत नाही. काला अंब येथील स्मारक माणसांच्या एका दिवसाची आठवण जपते. तोशामच्या टेकड्यांत कोट्यवधी वर्षांची आठवण साठली आहे. तिचे काही भाग तरी अभ्यासासाठी अबाधित राखले पाहिजेत.

पाठावरील प्रश्न

1. पानिपतच्या मैदानात कातळ का दिसत नाही?
2. बेसाल्ट व रायोलाइट यांच्या उद्रेकांत फरक का पडतो?
3. ‘केवळ रासायनिक खुणांवरून खडकाचे जन्मस्थान ठरत नाही.’ हे विधान मालानी खडकांच्या आधारे स्पष्ट करा.
4. उपक्रम : परिसरातील एखाद्या जुन्या इमारतीचा दगड पाहून त्याचा रंग व कणांचा आकार यांची नोंद करा. तो कोणत्या खाणीतून आला, याची चौकशी करा.