खांद्याची शिवलेली कंडरा

खांद्याभोवतीचे चार स्नायू आपापल्या कंडरांनी दंडाच्या हाडास जोडलेले असतात. तुटलेली कंडरा हाडाशी पुन्हा शिवण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन बोस्टनचे शल्यवैद्य कॉडमन यांनी १९११ साली प्रसिद्ध केले. परंतु टाका केवळ धरून ठेवतो. सांधण्याचे कार्य शरीरच करते. कंडरेस रक्तपुरवठा अल्प असल्याने त्यास कित्येक महिने लागतात. वाढते वय, मोठी फाट, स्नायूत साठलेली चरबी, मधुमेह व धूम्रपान यांमुळे सांधा अपुरा राहू शकतो. म्हणून हात प्रथम सुमारे ४ ते ६ आठवडे झोळीत ठेवतात व पुढे व्यायाम क्रमाक्रमाने वाढवितात. वेदना मात्र सांधणी पूर्ण होण्यापूर्वीच ओसरते. तेवढ्यावर विसंबून जड ओझे उचलल्यास कंडरा पुन्हा तुटण्याचा संभव असतो.