इसापाचे तात्पर्य : मराठीतील ग्रीक वारशाची एक दुर्लक्षित वाट

ग्रीक-रोमन संस्कृती मराठी वाचकापर्यंत कशी पोहोचली, हा प्रश्न पदव्युत्तर वर्गात विचारला की उत्तर बहुधा ठरलेले असते. विंदा करंदीकरांचे ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ (१९५७) आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘राजा ओयदिपौस’ (१९७९) ही दोन नावे निघतात, कॅथार्सिसची व्याख्या म्हटली जाते आणि चर्चा संपते. या दोन्ही ग्रंथांचे मोल निर्विवाद आहे. तथापि त्यांच्यामुळे असा समज रूढ झाला आहे की, ग्रीस मराठीत आला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विद्यापीठाच्या दारातून आणि शोकांतिकेच्या वेषात. वस्तुस्थिती निराळी आहे. ग्रीस मराठीत आला तो त्याच्या दीडशे वर्षे आधी, लहान मुलांच्या पुस्तकातून, आणि तो आणणारा मूळ कथाकार परंपरेनुसार एक गुलाम होता. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या वाटेचा, विशेषतः तिच्यावर काय हरवले त्याचा, विचार करावयाचा आहे.

वर्ध्याच्या वर्गात या विषयाची सुरुवात मी एका म्हणीपासून करतो. ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही म्हण कोणाची, असे विचारले की विद्यार्थी बुचकळ्यात पडतात. म्हण ती म्हण, ती कोणाची कशी असेल? आमच्या जिल्ह्यात कापूस आहे, आर्वी-आष्टी-कारंजा भागात संत्र्याच्या बागा आहेत. द्राक्षाचा मांडव मात्र यांतील बहुतेकांनी चित्रातच पाहिलेला असतो. तरीही ही म्हण त्यांच्या घरी आजीच्या तोंडी असते. परकीय संस्कृतीचे इतके पूर्ण आत्मसातीकरण दुसऱ्या कोणत्याही युरोपीय ग्रंथाच्या वाट्याला मराठीत आलेले नाही.

या म्हणीतील एका शब्दावर थोडे थांबणे आवश्यक आहे. ग्रीक कथेतील कोल्हा द्राक्षांना जो शब्द वापरतो त्याचा अर्थ ‘कच्ची’, अजून न पिकलेली, असा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कवी फीड्रस याने ही कथा लॅटिन पद्यात आणली तेव्हा त्याच्या कोल्ह्याने दोन्ही गोष्टी सांगितल्या : ती अद्याप पिकलेली नाहीत आणि आंबट फळ मला नको. इंग्रजी म्हणीत यांपैकी आंबटपणाच तेवढा उरला आणि मराठीनेही तोच घेतला. कच्चे फळ उद्या पिकेल. ग्रीक कोल्ह्याच्या सबबीत पुन्हा येण्याची जागा शिल्लक आहे. मराठी कोल्ह्याने ती वाट बंद करून टाकली आहे. शब्दाची ही निवड आपल्याला आणखी एक गोष्ट सांगते : इसाप आपल्याकडे अथेन्सहून आलेला नाही, तो लंडनमार्गे आला आहे.

त्याचे पहिले मराठी मुद्रित रूप मात्र मुंबई-पुण्याचे नव्हे, तर तंजावरचे आहे. दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांना श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिक्षण मिळाले होते. त्यांनी राजधानीत देवनागरी छापखाना उभारला आणि त्यातून १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापकथांचे मराठी भाषांतर बाहेर पडले. कावेरीच्या काठी, तमिळ प्रदेशात, एका मराठी राजाच्या छापखान्यात ग्रीक कथा छापली जावी, ही घटना आपल्या वाङ्मयेतिहासांत एखाद्या ओळीत उरकली जाते याचे मला नेहमी नवल वाटते. मुंबईकडे ही कथा आली ती १८२८ साली, सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे यांच्या ‘इसपनीतिकथा’मधून. छत्रे शिक्षण मंडळीच्या कामात होते. त्याच वर्षी त्यांनी बर्कीनच्या बालकथांचे ‘बाळमित्र’ हे भाषांतर दिले आणि १८३० मध्ये ‘वेताळपंचविशी’. म्हणजे एकाच हाताने वेताळ आणि इसाप मराठी गद्यात उतरवले. त्यापूर्वी १८१५ मध्ये श्रीरामपूरला वैजनाथ शर्मा यांचा मराठी ‘हितोपदेश’ छापला गेला होता. पंचतंत्र-हितोपदेशाच्या शेजारी इसाप बसला तो असा, आणि ‘नीती’ हा शब्द त्याच्या नावाला जोडला जाताच तो चाणक्य-शुक्रांच्या पंगतीला गेला. ‘इसापनीती’ या सामासिक शब्दात परकेपणाचा मागमूसही उरत नाही. सिंहाचे कातडे पांघरणारे इसापाचे गाढव आणि हितोपदेशातील वाघाचे कातडे पांघरणारे गाढव ही तर चुलत भावंडेच. त्यामुळे वाचकाला ओळखीचेच कोणी भेटल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही.

लोकप्रियतेची ही बाजू झाली. तिची किंमत कोणती, हे पाहण्यासाठी इसाप कोण होता याकडे वळावे लागते.

हिरोडोटसच्या साक्षीनुसार इसाप हा सामोस बेटावरील आयडमॉन नावाच्या इसमाचा गुलाम होता आणि डेल्फीच्या लोकांनी त्याला मारले. पुढील काळात रचली गेलेली त्याची चरित्रे काल्पनिक आहेत. परंतु तो गुलाम होता ही गोष्ट प्राचीनांनी कधी विसरू दिली नाही. फीड्रस स्वतः ऑगस्टस सम्राटाचा मुक्त केलेला गुलाम. आपल्या तिसऱ्या पुस्तकाच्या प्रास्ताविकात त्याने बोधकथेच्या उत्पत्तीची जी उपपत्ती दिली आहे, ती साहित्याच्या समाजशास्त्रातील अतिशय जुनी आणि अतिशय नेमकी उपपत्ती मानावी लागेल. तिचा आशय असा : गुलामाला मनातले उघड बोलण्याची मुभा नसते, बोलल्यास शिक्षा होते, म्हणून त्याने आपल्या भावना कल्पित गोष्टींत दडवल्या. पशू बोलतात ते माणसाला बोलता येत नाही म्हणून. फीड्रसला त्याच्या लेखनापायी टायबेरियसचा बलाढ्य मंत्री सिजेनस याच्या रोषाला तोंड द्यावे लागले, हेही तो तेथेच सूचित करतो.

आता मराठी इसापनीतीतील ‘तात्पर्य’ या घटकाकडे पाहू. प्रत्येक गोष्टीखाली वेगळ्या परिच्छेदात, बहुधा ठळक ठशात, येणारे हे तात्पर्य म्हणजेच इसापनीती असे आपल्या पिढ्यांच्या मनात ठसले आहे. परंतु मूळ परंपरेत ते कथेचा अविभाज्य भाग नव्हते. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास फॅलेरमच्या डिमीट्रिअसने इसापकथांचा संग्रह केला. तो आज उपलब्ध नाही. भाषण करताना कोणती गोष्ट कोठे उपयोगी पडेल हे वक्त्याला चटकन कळावे म्हणून अशा संग्रहांत गोष्टीच्या आरंभी एखादी सूचक ओळ देत, असे अभ्यासक मानतात. ती ओळ हळूहळू कथेच्या शेवटी सरकली आणि तिचा उपदेश झाला. आपल्या पंचतंत्रात सुभाषिते पात्रांच्या तोंडी असतात. करटक-दमनक परस्परविरोधी सुभाषिते म्हणतात आणि निवाडा वाचकावर राहतो. इसापनीतीचे तात्पर्य पात्राच्या तोंडी नसते. ते गुरुजींच्या तोंडी असते. मीमांसकांनी ‘तात्पर्य’ ही संज्ञा वाक्याच्या एकूण रोखासाठी योजली. तो रोख वाक्यातूनच काढावयाचा असतो. शालेय इसापनीतीत मात्र तो काढून हातावर ठेवला जातो. संज्ञा तीच, व्यवहार नेमका उलटा.

याचा परिणाम काय होतो हे एका कथेवरून दाखवता येईल. फीड्रसच्या पहिल्याच पुस्तकात ती आहे. एक म्हातारा कुरणात गाढव चारत असतो. शत्रू चालून येत असल्याचा गलबला ऐकून तो घाबरतो आणि गाढवाला पळण्यास सांगतो. गाढव जागचे हलत नाही. ते विचारते, जिंकणारा माझ्या पाठीवर दुप्पट ओझे लादील काय? म्हातारा नाही म्हणतो. मग मी कोणाची चाकरी करतो याने मला काय फरक पडतो, असे म्हणून गाढव चरत राहते. राज्य बदलले तरी गरिबाच्या वाट्याला पुष्कळदा धन्याच्या नावाखेरीज काहीच बदलत नाही, असे फीड्रस स्वतः बजावतो. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि दहा वर्षांनी, १८२८ मध्ये, मुंबईत इसाप छापला गेला, हे दोन सन शेजारी ठेवून ही कथा वाचावी. कंपनी सरकारच्या शाळांना इसाप हवा होता तो नीतिपाठ म्हणून : आळस करू नये, खोटे बोलू नये, आहे त्यात समाधान मानावे. गाढवाचा प्रश्न या यादीत बसत नाही. छत्र्यांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. मराठी गद्याला तेव्हा वाक्य कसे चालवावे हेच शिकावयाचे होते आणि ते काम त्यांनी उत्तम केले. परंतु गुलामाची वाणी पंतोजीची वाणी झाली, ती या टप्प्यावर.

मी हीच कथा तात्पर्याविना फळ्यावर लिहिली आणि तात्पर्य विद्यार्थ्यांनी लिहावे असे सांगितले. बहुतेकांनी ‘संकटकाळी धन्याची साथ सोडू नये’ या वळणाचे काहीतरी लिहिले. गाढवाने केलेला प्रश्न त्यांनी वाचला होता, पण तात्पर्य म्हणजे उपदेश ही सवय प्रबळ ठरली. देवळी तालुक्यातून येणाऱ्या, सुट्टीत आईबरोबर कापूस वेचायला जाणाऱ्या एका विद्यार्थिनीने मात्र एवढेच लिहिले : ‘ओझं तेच हाय, त मालक कोनीबी असो.’ प्रमाणभाषेत लिहायचे राहून गेले म्हणून ती नंतर ओशाळली. मी ते वाक्य तसेच ठेवले.

इसाप विरघळला, सॉक्रेटिस मात्र आपल्या नावानिशी आला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८५२ मध्ये त्याचे चरित्र मराठीत लिहिले. पुढे गांधीजींनी १९०८ मध्ये, जोहान्सबर्गच्या तुरुंगातून सुटल्यानंतरच्या काही महिन्यांत, प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’चा गुजराती सारांश ‘इंडियन ओपिनियन’मध्ये दिला. त्याला त्यांनी सत्यवीराची कथा म्हटले. मार्च १९१० मध्ये मुंबई सरकारने ‘हिंद स्वराज’बरोबर या पुस्तिकेवरही बंदी घातली. गांधीजी सेवाग्रामी राहावयास आले ते १९३६ मध्ये, म्हणजे फार पुढे. आमच्याकडील विद्यार्थ्यांना सेवाग्राम ठाऊक असते, परंतु चोवीसशे वर्षांपूर्वीचे बचावाचे भाषण सरकारला धोकादायक वाटले होते हे ठाऊक नसते. बंदी सॉक्रेटिसावर आली, इसापावर कधी आली नाही. तात्पर्याची पट्टी बांधलेला इसाप निरुपद्रवी झाला होता. गंमत अशी की, ‘फीडो’ या संवादानुसार मरणाची वाट पाहत तुरुंगात बसलेला सॉक्रेटिस इसापाच्याच कथा पद्यात बांधत होता.

या दोन्ही धारांहून वेगळा असा तिसरा प्रसंग १८७३ चा आहे आणि तोच मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो. जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’च्या इंग्रजी प्रस्तावनेच्या शिरोभागी होमरचे एक वचन उद्धृत केलेले आहे : माणूस ज्या दिवशी गुलाम होतो त्या दिवशी त्याचे निम्मे सत्त्व जाते, अशा आशयाचे. हे वचन ‘ओडिसी’च्या सतराव्या सर्गातील आहे आणि ते ज्याच्या तोंडी आहे तो युमिअस हा डुकरे राखणारा गुलाम आहे. मुळात तो राजपुत्र. बालपणी पळवून नेऊन विकला गेलेला. ओडिसिअसचा म्हातारा कुत्रा उकिरड्यावर पडलेला पाहून युमिअस म्हणतो की, धनी घरी नसला की चाकर नीट काम करीत नाहीत. आणि त्याचे कारण म्हणून तो हे वचन उच्चारतो. म्हणजे होमरच्या संदर्भात ही गुलामीविरुद्धची तक्रार नाही. ती गुलामांच्या कामचुकारपणाची तक्रार आहे आणि तिचा ओघ धन्याने परत यावे याकडे आहे. बाविसाव्या सर्गात धनी परततो तेव्हा बारा दासींना फासावर लटकवले जाते.

थॉमस जेफर्सननेही व्हर्जिनियावरील आपल्या पुस्तकात हेच वचन घेतले आहे. पण स्वतः गुलाम बाळगणाऱ्या जेफर्सनने ते गुलामांच्या चोरीच्या सवयीची चर्चा करताना वापरले. फुल्यांच्या पुस्तकात ते येते तेव्हा त्याची दिशा पूर्ण बदललेली असते. निम्मे सत्त्व गेले असेल तर ते कोणी नेले, हा प्रश्न ते विचारू लागते. ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना उद्देशून आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या उद्धृताचे स्थान स्पष्ट होते. धन्याची बाजू घेणाऱ्या गुलामाच्या तोंडचे वाक्य काढून घेऊन फुल्यांनी ते गुलामाच्या बाजूने उभे केले. ग्रीक अभिजात साहित्याचे इतके स्वतंत्र वाचन एकोणिसाव्या शतकातील मराठीत दुसरे माझ्या पाहण्यात नाही.

मात्र येथे एक अडचण नोंदवली पाहिजे. हे वचन आहे ते इंग्रजी प्रस्तावनेवर. धोंडीबा आणि जोतीराव यांचा संवाद मराठीत रंगतो तेथे होमर नाही. ज्या वाचकासाठी संवाद लिहिला त्याच्यापर्यंत होमर गेला नाही, आणि ज्या साहेबासाठी प्रस्तावना लिहिली त्याला तो शाळेपासून पाठ होता. संवादाचे तंत्र फुल्यांनी कोठून घेतले याविषयी मतभेद होऊ शकतात. प्रश्न विचारणारा धोंडीबा मात्र फीड्रसच्या गाढवाचा जवळचा नातलग आहे. ओझे किती आणि ते कोणी लादले, एवढेच त्यालाही कळून घ्यावयाचे आहे.

आमच्या अभ्यासक्रमात ‘गुलामगिरी’ एका पत्रिकेत आणि ॲरिस्टॉटल दुसऱ्या पत्रिकेत असतो. इसापनीती कोणत्याच पत्रिकेत नसते. गेली काही वर्षे मी अध्यापनात क्रम बदलला आहे. प्रथम तात्पर्य झाकून इसापाच्या पाच कथा, मग युमिअसचा प्रसंग मराठीत सांगणे, मग ‘गुलामगिरी’ची प्रस्तावना आणि त्यानंतर काव्यशास्त्र. ॲरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’मध्ये काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात असे प्रतिपादन आहे. इसाप आधी वाचून आलेला विद्यार्थी त्या ठिकाणी पुस्तक खाली ठेवतो आणि हात वर करतो.