एक साचा, तीन कप्पे

प्रश्न : मी बीसीएला आहे. परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांची माहिती देणारी साइट जँगोमध्ये करतोय. कार्डाचा साचा वेगळ्या फाइलमध्ये ठेवला. फोटो, मजकूर आणि तळटीप असे तीन ‘ब्लॉक’ केले; पण ‘इन्क्लूड’ केल्यावर ते भरताच येत नाहीत. तोच कोड नऊदा चिकटवू का?
– एक वाचक, जिंतूर

उत्तर : नका चिकटवू. तुमचं फार काही चुकलेलं नाही, फक्त ‘इन्क्लूड’कडून ‘एक्स्टेंड्स’चं काम मागितलंत. इन्क्लूड केलेली फाइल स्वतंत्रपणे रेंडर होऊन, तयार स्वरूपातच पानात येते. तिच्यातले ब्लॉक बाहेरून बदलत नाहीत. शिवाय एका टेम्प्लेटमध्ये एकाच नावाचा ब्लॉक दोनदा लिहिला, तर जँगो सरळ एरर देतं.

तुमची कार्डं एकसारखी आहेत, तेव्हा तालुक्यांची यादी व्ह्यूमधून पाठवा, ‘फॉर’ लावा आणि प्रत्येक फेरीत ‘इन्क्लूड’ला ‘विथ’ने फोटो, मजकूर, तळटीप द्या. गंगाखेडच्या कार्डात संत जनाबाई, पाथरीच्या कार्डात साईबाबांचं मंदिर; साचा तोच. मात्र एखाद्या कार्डात तक्ता, दुसऱ्यात नकाशा हवा असेल, तर नाव दिलेले स्लॉट (रिकामे कप्पे) देणारं ‘जँगो-कॉटन’सारखं पॅकेज घ्या.

एक सांभाळा : पुढे साइटवर फॉर्म ठेवलात, तर लोकांनी त्यात भरलेल्या मजकुराला ‘सेफ’ फिल्टर लावू नका, कुणीही त्यातून स्क्रिप्ट घुसवेल.

आधी जिंतूर आणि सेलू, दोनच कार्डं करून बघा.