शोरूमच्या टेबलावरचे कर्ज

सिंधुदुर्ग जिल्ह्यात नवे वाहन घेण्याचा व्यवहार वरवर एकच दिसत असला, तरी त्यात बहुधा चार वेगवेगळे व्यवहार गुंफलेले असतात : वाहनाची खरेदी, त्यासाठी काढलेले कर्ज, वाहनाचा विमा आणि जुने वाहन असल्यास त्याची विक्री. कुडाळ, कणकवली वा सावंतवाडीच्या शोरूममध्ये गाडी घेतलेल्या अनेक कुटुंबांचा अनुभव असा आहे, की गाडीच्या किमतीत त्यांची फारशी फसगत होत नाही, कारण ती किंमत सर्वांना ठाऊक असते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून पडताळून पाहता येते. फसगत होते ती हे चारही व्यवहार ‘महिन्याचा हप्ता’ या एका आकड्यात मिसळून टाकले जातात तेव्हा. मालवणच्या बंदरावर मासळीचा लिलाव होताना टोपली समोर असते आणि बोली सर्वांदेखत लागते. शोरूमच्या टेबलावर मात्र गाडी तेवढी समोर असते आणि कर्जाचा भाव शेवटपर्यंत आडून बोलला जातो.

विक्रेता कर्जासाठी इतका आग्रह का धरतो, हे समजल्याशिवाय त्या आग्रहाला तोंड देता येत नाही. नव्या गाडीवर विक्रेत्याला सुटणारा नफा तुलनेने बेताचा असतो. उलट त्याच्यामार्फत कर्ज मंजूर झाले, की संबंधित बँक किंवा वित्त कंपनी त्याला मोबदला देते, ज्याला या व्यवसायात ‘पेआउट’ म्हणतात, आणि विमा, वाढीव वॉरंटी व अॅक्सेसरीज यांवरही त्याला कमिशन मिळते. त्यामुळे रोख रकमेने किंवा स्वतःच्या बँकेचे कर्ज घेऊन येणाऱ्या ग्राहकापेक्षा शोरूममधूनच कर्ज घेणारा ग्राहक विक्रेत्याला अधिक हवासा वाटतो. यात बेकायदेशीर काही नाही आणि टेबलापलीकडचा तरुण विक्री प्रतिनिधी, जो बहुधा याच जिल्ह्यातला आणि महिनाअखेरच्या टार्गेटने गांजलेला असतो, तो शत्रूही नव्हे. मात्र तो ग्राहकाचा सल्लागार नाही, ही जाणीव व्यवहारभर जागी ठेवणे आवश्यक ठरते.

दबावाची सुरुवात बहुतेक वेळा एका साध्या प्रश्नाने होते : “काका, महिन्याक किती जमतला?” ग्राहकाने उत्तरादाखल एक आकडा सांगितला, की पुढची सगळी मांडणी त्या आकड्याभोवती फिरते, कारण मुदत वाढवून कोणतीही गाडी कोणत्याही हप्त्यात बसवता येते. समजा, आठ लाख रुपयांचे कर्ज दर साल ९ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले आणि व्याज घटत्या शिल्लकीवर, म्हणजे दर महिन्याला जेवढे मुद्दल फेडायचे राहिले असेल तेवढ्यावरच, आकारले गेले, तर हप्ता सुमारे १६,६०७ रुपये येतो आणि पाच वर्षांत एकूण व्याज सुमारे १,९६,००० रुपये होते. तेच कर्ज सात वर्षांवर नेले, तर हप्ता सुमारे १२,८७१ रुपयांवर उतरतो आणि ग्राहकाला हलके वाटते. परंतु एकूण व्याज २,८१,००० रुपयांच्या वर जाते आणि सातव्या वर्षी हप्ता चालू असताना गाडीची बाजारातील किंमत पार उतरलेली असते.

याहून फसवा प्रकार ‘फ्लॅट रेट’चा, ज्यात मुद्दल दरमहा कमी होत असले तरी व्याज संपूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच मोजले जाते. आठ लाखांवर ‘फक्त ७ टक्के’ फ्लॅट दराने पाच वर्षांचे व्याज २,८०,००० रुपये होते आणि हप्ता १८,००० रुपये पडतो. घटत्या शिल्लकीच्या हिशेबाने हा दर जवळपास साडेबारा टक्के आहे, म्हणजे कानाला ७ टक्के लागणारे कर्ज ९ टक्क्यांच्या कर्जापेक्षा पाच वर्षांत सुमारे ८३,६०० रुपयांनी महाग पडते. दुचाकी आणि छोट्या टेम्पोच्या कर्जांत ही रीत विशेष आढळते. म्हणून दर सांगितला गेल्यावर पहिला प्रश्न ‘फ्लॅट की रिड्युसिंग, म्हणजे घटत्या शिल्लकीचा?’ हाच असावा आणि त्याचे उत्तर तोंडी घेऊ नये.

या किनाऱ्यावर हप्त्याचा प्रश्न आणखी एका कारणाने बिकट होतो : येथे हप्ता बाराही महिने येतो, उत्पन्न मात्र बाराही महिने येत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. तारकर्ली, देवबाग, मालवण येथील जलक्रीडा पावसाळ्यात बंद राहतात आणि त्यांच्यावर विसंबलेली घरगुती निवास व्यवस्था, खानावळी व पर्यटकांच्या गाड्याही थंडावतात. हापूस आणि काजूचा पैसा तर उन्हाळ्यातल्या थोड्या आठवड्यांत हाती येतो. शोरूममध्ये उत्पन्नाचा अंदाज घेताना मात्र हंगामातल्या कमाईकडे पाहिले जाते, आणि मे महिन्यात सहज पेलवणारा १८,००० रुपयांचा हप्ता जुलैमध्ये बँक खात्यातून परत जातो. खात्यात शिल्लक नसल्याने तो परत गेला, तर खाते असलेली बँक वेगळा आकार लावते आणि कर्ज देणारी संस्था वेगळा दंड आकारते, शिवाय पतनोंदीवर डाग लागतो तो निराळाच. यावर दोनच खरे उपाय आहेत. पहिला म्हणजे हप्ता ठरवताना वर्षाचे निव्वळ उत्पन्न बाराने भागून येणाऱ्या रकमेचा आधार घेणे, आणि दुसरा म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांचे हप्ते मे अखेरपर्यंत वेगळ्या ठेवीत बाजूला काढणे. हंगामानुसार हप्ते बांधून मिळतील का, हे स्थानिक सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत विचारून पाहण्यासही हरकत नाही. शोरूमच्या टेबलावर तो विषय सहसा निघत नाही.

दबावाचे दुसरे साधन म्हणजे मुहूर्त. गुढीपाडवा, अक्षय तृतीया, दसरा, आणि कोकणात विशेषतः गणेश चतुर्थी, या दिवसांभोवती वाहनखरेदी एकवटते. मुंबईहून चाकरमानी गावी आलेले असतात, डाऊन पेमेंट म्हणजे सुरुवातीला रोख भरायची रक्कम अनेकदा त्यांच्याकडूनच यायची असते, आणि गाडी दारात उभी करून पूजा करण्याचा दिवस घरात आधीच ठरलेला असतो. अशा वेळी डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी कळते, की ठरलेली सूट शोरूमच्या कर्जावरच लागू होती किंवा स्वतःच्या बँकेची रक्कम वेळेत पोचणार नाही; आणि “उद्या ही ऑफर गावची नाय”, म्हणजे मिळणार नाही, या एका वाक्यावर कुटुंब सही करून मोकळे होते. मुहूर्ताला बोल लावण्याचे कारण नाही, तो घराच्या आनंदाचा भाग आहे. पण सहीचा दिवस आणि पूजेचा दिवस यांच्यात किमान पंधरा दिवसांचे अंतर ठेवले, तर त्या आनंदाचे ओझे व्यवहारावर पडत नाही. त्याआधी स्वतःच्या बँकेकडून कर्जाची तत्त्वतः मंजुरी लेखी घेऊन ठेवावी. ती वापरायची नसली तरी तुलनेसाठी हाताशी एक ठोस दर राहतो, आणि कोल्हापूर किंवा रत्नागिरीच्या विक्रेत्याचे कोटेशन सोबत असेल, तर जिल्ह्यात एखाद्या वाहन कंपनीचे एकच शोरूम असण्याचा तोटाही बराच भरून निघतो.

घाई करू न देण्याचा हक्क आता नियमानेही दिला आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जासाठी कर्जदाराला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या सर्व मुख्य अटी एकत्र सांगणारे पत्रक, त्याला समजणाऱ्या भाषेत देणे बँकांना व वित्त कंपन्यांना बंधनकारक आहे. या पत्रकात वार्षिक टक्केवारी दर द्यावा लागतो, ज्यात व्याजाबरोबर प्रोसेसिंग फी, कर्जासोबत घेतलेला विमा आणि इतर आकारही धरलेले असतात, त्यामुळे फ्लॅट दराची चलाखी तेथे टिकत नाही. पत्रकात न दाखवलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून नंतर वसूल करता येत नाही. आणि सात दिवस किंवा अधिक मुदतीच्या कर्जात हे पत्रक दिल्यावर कर्जदाराला विचारासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात, ज्या काळात त्यातील अटी कर्ज देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक राहतात. ‘ऑफर आजच संपते’ हे वाक्य कर्जाच्या बाबतीत म्हणूनच पोकळ आहे. हे पत्रक मराठीत मागावे, घरी आणावे आणि दोन संस्थांची पत्रके शेजारी ठेवून हप्ता नव्हे तर एकूण परतफेड ताडून पाहावी.

अशी तुलना केल्यावर क्वचित शोरूमचेच कर्ज स्वस्त निघते, कारण काही वेळा वाहन उत्पादक स्वतः व्याजाचा भार उचलतो किंवा कर्जाशी जोडलेली सूट खरोखर मोठी असते, आणि तसे असेल तर ते कर्ज घेण्यात काहीच गैर नाही. ‘आता घ्या, सहा महिन्यांनी फेडून टाका’ या सल्ल्यावर विसंबण्यापूर्वी मात्र मुदतपूर्व फेडीचा आकार पाहावा. वाहनकर्जे बहुधा स्थिर दराची असतात आणि अशा कर्जांत शिल्लक रकमेवर काही टक्के आकार लागण्याची अट सर्रास आढळते.

कर्जाच्या आडून इतर वस्तू गळ्यात मारण्याचे प्रकार किती वरपर्यंत जातात, याचे एक नोंदलेले उदाहरण मुंबईतच मुख्यालय असलेल्या मोठ्या बँकेचे आहे. वाहनकर्ज विभागातील अनियमिततेची तक्रार आल्यानंतर, कर्जदारांना त्रयस्थ कंपनीच्या वित्तेतर वस्तू विकल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने मे २०२१ मध्ये एचडीएफसी बँकेला १० कोटी रुपयांचा दंड केला. प्रकरण वाहनात बसवायच्या जीपीएस उपकरणांचे होते आणि त्यावरील कमिशन संबंधित कर्जदारांना परत करण्याचे बँकेने पुढे जाहीर केले. ज्या कर्जदारांच्या कर्जात उपकरणाची किंमत मिसळली होती, त्यांनी त्या किमतीवर व्याजही भरले होते, हा या प्रकरणातला खरा धडा आहे. मालवणच्या किनाऱ्यावर हेच रूप गंजरोधक थराच्या निमित्ताने दिसते. खाऱ्या हवेत गाडीचा तळ लवकर गंजतो, हे खरेच आहे आणि तो थर उपयुक्तही असतो. परंतु तो बाहेरच्या गॅरेजमध्ये काय भावाने होतो याची चौकशी न करता, पाच वर्षांच्या कर्जात घालून घेणे शहाणपणाचे नाही. कर्जदाराच्या आयुर्विम्याचा एकरकमी हप्ता मुद्दलात मिळवण्याची रीतही अशीच तपासून घ्यावी.

वाहनविम्याच्या बाबतीत सक्ती कशाची आहे आणि कशाची नाही, यात नेमका घोळ घातला जातो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा आणि दुचाकीसाठी पाच वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा, म्हणजे अपघातात दुसऱ्याच्या झालेल्या हानीची भरपाई करणारा विमा, बंधनकारक आहे. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा वर्षाचाच घेता येतो आणि कर्ज देणारी संस्था तो मागतेच. पण तो शोरूमने सुचवलेल्याच कंपनीचा असला पाहिजे, असे कोणताही नियम सांगत नाही. त्याचप्रमाणे कोटेशनमधील नोंदणी शुल्क आणि राज्याचा एकरकमी मोटार वाहन कर, जो दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल मोटारीसाठी किमतीच्या ११ टक्के आहे, या सरकारी रकमा होत. ‘हँडलिंग’ वा ‘लॉजिस्टिक’ या नावाची ओळ सरकारी नसते, आणि ती काढायला सांगितली की अनेकदा मुकाट निघतेही.

प्रत्यक्ष सहीच्या वेळी कागदांचा गठ्ठा पुढे येतो, त्यावर पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतात आणि बोट सरकत जाते तशा सह्या होत जातात. त्या गठ्ठ्यात दर, मुदत आणि रकमेच्या जागा कोऱ्या असण्याची शक्यता असते, आणि कोरी जागा दिसली तेथे थांबणे हाच संपूर्ण व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा संयम होय. जागा भरून घ्याव्यात किंवा रेघ मारून बंद कराव्यात, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढावा, सुरक्षेपोटी दिलेल्या धनादेशांचे क्रमांक लिहून त्याची पोच घ्यावी, आणि बुकिंगची रक्कम भरतानाच ‘कर्ज ग्राहकाच्या पसंतीच्या संस्थेचे राहील’ हे वाक्य पावतीवर लिहून घ्यावे. बदल्यात दिलेली जुनी गाडी नव्या मालकाच्या नावे चढेपर्यंत तिच्या अपघाताची जबाबदारी मूळ मालकाच्या गळ्यात राहू शकते, म्हणून हस्तांतरणाच्या कागदांची प्रतही राखावी.

व्यवहारात अन्याय झालाच, तर कर्जासंबंधीची तक्रार आधी संबंधित बँकेकडे किंवा वित्त कंपनीकडे लेखी करावी आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे न्यावी. विक्रेत्याविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आणि जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग आहेत. हप्ते थकले म्हणून दांडगाई करून गाडी ओढून नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बजावले आहे.

शेवटचा हप्ता भरला म्हणजे कर्ज संपले असे होत नाही, कारण आरसीवर, म्हणजे वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, कर्ज देणाऱ्या संस्थेचा बोजा नोंदलेला असतो. तो उतरवण्यासाठी त्या संस्थेचे ना-हरकत पत्र आणि तिच्या सहीचा नमुना ३५ घेऊन परिवहन कार्यालयात अर्ज करावा लागतो, आणि ना-हरकत पत्राची मुदत मर्यादित असल्याने हे काम लांबणीवर टाकू नये. त्याच वेळी विमा पॉलिसीवरूनही त्या संस्थेचे नाव काढून घ्यावे. ते राहून गेले, तर गाडी पूर्ण निकामी होण्याच्या किंवा चोरीच्या प्रसंगी भरपाईचा धनादेश, सगळे कर्ज फिटलेले असूनही, त्याच संस्थेच्या नावे निघू शकतो.