वर्षावासात कोंडिविट्याची टेकडी

मुंबईतल्या मरोळहून महाकाली, म्हणजेच कोंडिविट्याची, लेणी इतकी जवळ, की कुणी तयारी म्हणून करतच नाही. पाहुणे आले की रिक्षाला हात करायचा आणि निघायचं. मरोळच्या एका तरुणाने नागपूरहून आलेल्या आत्याला आषाढी पौर्णिमेला असंच नेलं. आत्यांच्या पिशवीत मेणबत्त्या, अगरबत्त्या आणि फुलं; पायांत झिजलेल्या तळव्यांची चप्पल. इथे काही पेटवता येणार नाही, असं पहारेकऱ्याने आधीच सांगितलं. उतरताना शेवाळलेल्या पायरीवर पाय सटकला आणि आत्यांचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं.

पेटवायला मनाई का, यावर आत्या बराच वेळ रुसल्या होत्या. कोंडिविट्याच्या या टेकडीवरची 19 लेणी म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक. काजळी आणि मेण दगडाला चिकटून राहतात, आणि इथला खडक मुळातच ठिसूळ. म्हणून तर खांब, पायऱ्या, मूर्ती सगळं झिजलंय. त्रिसरण-पंचशील हात जोडून म्हणावं. मेणबत्ती वस्तीतल्या विहारात लावावी.

दुसरी चूक जास्त लोक करतात. दोन-चार रिकाम्या खोल्या बघायच्या, सेल्फी काढायची आणि ‘काहीच नाही हो इथे’ म्हणत परतायचं. नववं लेणं चुकवलं, तर खरंच काही नाही! ते इथलं चैत्यगृह. दालनाच्या मागच्या टोकाला दगडातच कोरलेली गोल, घुमटी छताची झोपडी, तिच्या आत स्तूप आणि दाराच्या दोन्ही बाजूंना दगडी जाळीच्या खिडक्या. अशी गोल झोपडी बिहारमधल्या बराबर टेकडीवरच्या सुदामा गुहेत दिसते, महाराष्ट्रात मात्र फार दुर्मीळ. खिडकीच्या वर ब्राह्मी लिपीतला लेख आहे: पित्तिंब नावाच्या ब्राह्मणाने भावासह विहार दान दिल्याचा. बाजूच्या भिंतीवरच्या बुद्धमूर्ती कित्येक शतकांनंतरच्या. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावू द्यावेत. मोबाइलचा उजेड समोरून न मारता कडेने तिरपा धरला, तर अक्षरं उठून दिसतात.

बौद्ध कुटुंबांना वर्षावासातच इथे यावंसं वाटतं, हे समजण्यासारखं आहे. पावसाचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहावं, हा नियम. लेण्यांतल्या खोल्या त्याच मुक्कामाच्या. पण भिक्खू एकदा वर चढले की राहत, आपल्याला त्याच दिवशी उतरायचं असतं. तेव्हा सरींच्या मधली उघडीप गाठावी, पकड असलेले बूट घालावेत, एक हात मोकळा ठेवावा. गुडघे दुखणाऱ्यांनी सरळ दिवाळीनंतर यावं.

आणि इथून उत्साहात कान्हेरी लेण्यांकडे निघणाऱ्यांसाठी: ती ज्या राष्ट्रीय उद्यानात आहेत, ते सोमवारी बंद असतं. इतर दिवशीही बोरिवलीच्या दारापासून लेणी सहाएक किलोमीटर आत, त्यामुळे ज्येष्ठ सोबत असतील तर पायी जाण्याचा हट्ट नको. खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवली, तर माकडं ती नेणारच.