एरर पाथसुद्धा चालवून बघा

कारखान्यातल्या यंत्रांचं तापमान टिपणारी, लिनक्सवर चालणारी एक छोटी पेटी आमच्याकडे सारखी परत यायची. रॅम १२८ एमबी. टेबलावर ठेवली की बिनतक्रार चालायची, कारखान्यात मात्र दुसऱ्या दिवशी मान टाकायची. लॉगमध्ये दर वेळी एकच मजकूर: मेमरी संपली म्हणून ओओएम किलरने डेटा गोळा करणारं ॲप मारलं. झालं, सगळे ॲपच्या मागे लागले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! ओओएम किलर साधारणपणे जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस मारतो; गळती तिच्यातच आहे, असं त्यावरून ठरत नाही.

म्हणून आधी मेमरी कुणाच्या खात्यात गेली ते बघावं. ॲपची मेमरी जागच्या जागी होती आणि मेमइन्फोमधला ‘एसअनरिक्लेम’चा आकडा चढत होता. म्हणजे गळती कर्नेलमध्ये. स्लॅबटॉप लावल्यावर केमॅलॉक-१के सगळ्यांत वर दिसलं.

मग केमेमलीक चालू करून कर्नेल बिल्ड केला. २००९ साली, २.६.३१ या आवृत्तीपासून ही सोय कर्नेलमध्येच आहे. ज्या ब्लॉककडे एकही पॉइंटर उरलेला नाही तो हुडकून, तो कुठल्या फंक्शनने घेतला होता याचा बॅकट्रेस ती देते. टेबलावर काहीच सापडेना. सेन्सरची केबल उपटली आणि अहवालांची रांग लागली. कारखान्यात कंपनांमुळे कनेक्टर सैल व्हायचा, एवढाच काय तो फरक.

बॅकट्रेसमधलं रीड फंक्शन साधंच होतं. केमॅलॉकने १ केबीचा बफर घ्यायचा, आयटूसीवरून वाचायचं, चूक झाली तर ‘गोटू आउट’, आणि ‘आउट’ लेबलपाशी केफ्री. मूळ लिहिणाऱ्याने हे चोख केलं होतं. पुढे कुणीतरी मध्ये चिपची स्थिती तपासणाऱ्या काही ओळी घातल्या आणि त्यात थेट ‘रिटर्न’ लिहिलं. रिव्ह्यूत ते सुटलं, कारण डिफमध्ये बदलाच्या वरच्या तीनच ओळी दिसतात आणि केमॅलॉक त्याहून वर होतं. सेकंदाला एक वाचन फसलं की दिवसाला ८६,४०० केबी, म्हणजे सुमारे ८४ एमबी गेले.

दुरुस्ती एका ओळीची होती. तरी टीममधून सूचना आली, “डेव्हएम-केमॅलॉक वापरू या, मग सोडायची कटकटच नको.” इथे सावध व्हा. डेव्हएमने घेतलेली मेमरी फंक्शन संपल्यावर सुटत नाही. ड्रायव्हर डिव्हाइसपासून वेगळा झाला किंवा प्रोब फसला, तरच आपोआप सुटते. प्रोबमध्ये ते उत्तम. दर सेकंदाला चालणाऱ्या रीडमध्ये वापरलं असतं तर वाचन यशस्वी झालं तरीही मेमरी साठत गेली असती. वर प्रत्येक ब्लॉक डिव्हाइसच्या यादीत जिवंत असल्यामुळे केमेमलीकला तो दिसलाही नसता. कर्नेल ६.५ किंवा पुढचा असेल, तर तात्पुरत्या बफरसाठी क्लीनअप हेडरमधलं ‘फ्री’ वापरा. व्हेरिएबलची व्याप्ती संपली की मेमरी आपोआप सुटते. मात्र एकाच फंक्शनमध्ये ते आणि गोटू यांची सरमिसळ करू नका.

गोटूच वापरणार असाल तर घेतलं त्याच्या उलट क्रमाने सोडा. लेबलांना एर१, एर२ असे नंबर देऊ नका. तिथे काय सुटतं ते नावातच येऊ द्या, म्हणजे मध्ये नवी पायरी आली तरी क्रम ढळत नाही. सगळ्या चुकांना एकच लेबल ठेवलं, तर जे घेतलंच नाही ते सोडण्याच्या नादात नल पॉइंटरवर आपटाल.

आणखी दोन जागा फसव्या आहेत. के-रिअलॉक फसलं तरी जुना ब्लॉक तसाच राहतो. उत्तर त्याच पॉइंटरमध्ये ठेवलंत तर नलने जुना पत्ता पुसला जातो. म्हणून ते वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्या. डिव्हाइस-रजिस्टर फसलं तर थेट केफ्री करू नका, पुट-डिव्हाइस करा. संदर्भमोजणी तोवर सुरू झालेली असते.

हे सगळं पाळूनही एरर पाथ चालवून बघितल्याशिवाय भरवसा ठेवू नका. केबल उपटून पेटी रात्रभर चालवा. मेमरी न मिळण्याचा प्रसंग हवा असेल तर फेलस्लॅब आहे. ‘फेल-एनथ’मध्ये आकडा वाढवत नेला की एकेक ॲलोकेशन पाळीपाळीने फसवता येतं. प्रत्येक फेरीनंतर केमेमलीकचा स्कॅन घ्या. मात्र थेट ॲलॉक-पेजेसने घेतलेली पानं त्याला दिसत नाहीत, तिथे मेमइन्फोवरच नजर ठेवावी लागते.

आणि पॅच तपासताना नुसत्या हिरव्या ओळी वाचून मान डोलावू नका, अख्खं फंक्शन उघडा. नवा ‘रिटर्न’ दिसला की विचारा: इथपर्यंत काय काय घेतलं आणि ते कोण सोडणार? उत्तर मिळालं नाही, तर पॅच परत पाठवा.